माळ्यावरील फितींतले अक्षरधन

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी लिपीतील लक्षावधी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. कागद बव्हंशी शाबूत आहे, शाईही अजून काळी आहे. उणीव भासते ती वाचणाऱ्याची. जी लिपी एके काळी कारकुनांच्या हातून झरझर उतरत असे, ती आज अस्खलित वाचणारे लोक मोजकेच उरले आहेत. लिहिलेले टिकणे ही एक गोष्ट आणि टिकलेले वाचता येणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट, हा धडा त्या दप्तराने महाराष्ट्राला केव्हाच शिकवला आहे.

तोच धडा आता अनेक घरांच्या माळ्यावर पुन्हा गिरवला जात आहे. मोडी वाचणारे विरळ होण्यास दोन-तीन पिढ्या लागल्या. १९८० नंतरच्या दशकात घराघरांत आणि शाळाशाळांत जे पहिलेवहिले लहान संगणक आले, त्यांची लिपी दुर्बोध होण्यास मात्र एक पिढीही पुरी लागली नाही. त्या काळी विद्यार्थी असलेले गृहस्थ आज पन्नाशीत आहेत. त्यांच्या हातचे पहिले लेखन मात्र कॅसेटींत आणि फ्लॉपी तबकड्यांत मुके होऊन पडले आहे.

हे मुके लेखन बोलके करता येते. त्यासाठी फार मोठा खर्च वा अलौकिक विद्वत्ता लागते असे नाही. लागतो तो थोडा धीर, थोडी काळजी आणि मुख्य म्हणजे वेळीच केलेली सुरुवात.

पेटी, टेपरेकॉर्डर आणि दूरचित्रवाणी

आजच्या मुलांस त्या संगणकांची कल्पना येणे कठीण आहे. कळफलक बसवलेली एक लहानशी पेटी, एवढेच त्याचे स्वरूप असे. पडद्याचे काम घरचा दूरचित्रवाणी संच करी आणि साठवणीचे काम घरचा टेपरेकॉर्डर करी. ज्या टेपरेकॉर्डरवर सायंकाळी भावगीते लागत, त्याच यंत्रावर दुपारी मुलांचे प्रोग्राम नोंदले जात.

इंग्लंडमधील सिंक्लेअर कंपनीने १९८२ साली ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या मोठ्या प्रकाराची स्मृती अवघी ४८ किलोबाइट होती. आजच्या भ्रमणध्वनीवर काढलेल्या एखाद्या साध्या छायाचित्रासही याहून कितीतरी पट अधिक जागा लागते. याच संगणकाची सुधारित आवृत्ती पुढे पुण्याच्या डेसिबेल्स या कंपनीने रीतसर परवाना घेऊन भारतात विक्रीस आणली. दुसरा संगणक ‘बीबीसी मायक्रो’. केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीने तो ब्रिटिश नभोवाणी संस्थेच्या संगणक-साक्षरता उपक्रमासाठी १९८१ साली सिद्ध केला. भारत सरकारने १९८४–८५ मध्ये ‘क्लास’ या नावाने ओळखली जाणारी शालेय संगणक-साक्षरतेची योजना सुरू केली, तेव्हा आरंभी सुमारे २५० शाळांतून हाच बीबीसी मायक्रो बसवण्यात आला. अनेक भारतीय विद्यार्थ्यांनी संगणकाच्या कळीवर पहिले बोट ठेवले ते याच यंत्रावर.

या यंत्रांवर लोकांनी काय लिहिले? कोणी घरचा जमाखर्च मांडला, कोणी पाढे विचारणारा प्रोग्राम रचला, कोणी कविता टंकित केल्या, कोणा शिक्षकाने गुणपत्रके तयार केली. जगाच्या इतिहासात यांस स्थान नसेल. घराच्या इतिहासात निश्चित आहे. आजोबांची रोजनिशी आपण जपतो, ती तिच्यात साम्राज्यांच्या घडामोडी असतात म्हणून नव्हे, तर तिच्यात आजोबा असतात म्हणून.

नऊशे वर्षे आणि पंधरा वर्षे

या प्रश्नाचे गांभीर्य जगाच्या ध्यानी आले ते बीबीसी मायक्रोच्या मायदेशातच. इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याच्या आज्ञेने १०८६ साली त्या देशातील जमिनी आणि मालमत्ता यांची मोजदाद झाली. ती नोंद ‘डोम्सडे बुक’ या नावाने प्रसिद्ध आहे. तिला नऊशे वर्षे पूर्ण होत असता, १९८६ साली, तशीच नवी नोंद संगणकावर करण्याचा संकल्प बीबीसीने पार पाडला. हजारो शाळांतील मुलांनी आपापल्या परिसराची माहिती लिहिली, छायाचित्रे काढली. भाग घेणाऱ्यांची संख्या दहा लाखांवर गेली. हा सर्व संग्रह बारा इंची लेझर तबकड्यांवर साठवण्यात आला. त्या वाचण्यासाठी बीबीसी मायक्रोच्याच घराण्यातील ‘मास्टर’ हा संगणक आणि खास बनवलेले तबकडी-यंत्र लागे.

पुढे काय झाले ते विचार करण्यासारखे आहे. पंधरा वर्षांच्या आतच ती खास यंत्रे दुर्मिळ झाली. तबकड्या होत्या, पण त्यांना वाचा देणारे यंत्र मिळेना. चर्मपत्रावर शाईने लिहिलेली १०८६ ची मूळ नोंद मात्र लंडनजवळील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आजही वाचता येते. अखेर लीड्स आणि मिशिगन या दोन विद्यापीठांतील संशोधकांनी जुन्या यंत्राचे हुबेहूब अनुकरण करणारी प्रणाली रचली आणि २००२ साली तो संग्रह आधुनिक संगणकावर चालवून दाखवला. २०११ मध्ये त्यातील शाळकरी मुलांच्या नोंदी बीबीसीने इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या केल्या. संग्रह वाचला, परंतु त्यासाठी दोन विद्यापीठांस झटावे लागले. आपल्या माळ्यावरील डब्यासाठी कोणतेही विद्यापीठ धावून येणार नाही. ते काम घरच्यांनीच करावयाचे आहे.

या कामाच्या तीन पायऱ्या आहेत. फितीवर वा तबकडीवर असलेली खूण प्रथम उतरवून घ्यावयाची, त्या खुणेतून अंक काढावयाचे आणि मग त्या अंकांतून अर्थ लावावयाचा. मोडीच्या अभ्यासकासही हेच करावे लागते: आधी कागद उलगडायचा, मग अक्षर लावायचे, आणि शेवटी मजकूर समजून घ्यायचा.

नादातून अंक

कॅसेटवर संगणकाचा मजकूर नादाच्या रूपाने असतो. स्पेक्ट्रमची कॅसेट साध्या टेपरेकॉर्डरवर लावली, तर प्रथम काही सेकंद एकसुरी शिट्टी ऐकू येते. मग थोडीशी खरखर, पुन्हा शिट्टी, आणि त्यानंतर दीर्घकाळ चालणारी कर्कश किरकिर. शिट्टी म्हणजे “सावध व्हा” अशी सूचना. पहिली खरखर म्हणजे मजकुराचे नाव आणि लांबी. त्यानंतरची किरकिर हाच खरा मजकूर.

संगणकाची सारी भाषा शून्य आणि एक या दोन खुणांची असते, हे सर्वश्रुत आहे. स्पेक्ट्रमच्या फितीवर शून्यासाठी नादाची एक लहान लहर असते, ती साधारण सेकंदाचा दोन हजारावा भाग टिकते. एकासाठी तिच्या दुप्पट लांबीची लहर असते. ऱ्हस्व म्हणजे शून्य आणि दीर्घ म्हणजे एक, इतके हे सोपे आहे. छंदःशास्त्रातील लघु-गुरू ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. या गतीने संपूर्ण ४८ किलोबाइट स्मृती फितीवर उतरण्यास सुमारे पाच मिनिटे लागत.

तेव्हा ही खूण उतरवून घेण्यासाठी जुना संगणक लागतच नाही! चांगल्या टेपरेकॉर्डरच्या श्रवणयंत्राच्या खाचेतून एक तार आधुनिक संगणकाच्या ध्वनिग्रहणाच्या खाचेत जोडावी आणि कॅसेटचे ध्वनिमुद्रण करावे. नेहमीच्या पद्धतीत आधुनिक संगणक एका सेकंदात ४४,१०० वेळा नादाची उंची मोजतो; त्यामुळे लहान लहरीस सुमारे २१ आणि मोठीस सुमारे ४३ मोजमापे मिळतात. एवढा फरक ओळखणे प्रोग्रामला सहज साध्य असते. पुढे तो प्रोग्राम लहरींची लांबी मोजून शून्य-एकांची माळ गुंफतो.

येथे काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. ध्वनिमुद्रण ‘वेव्ह’ प्रकारच्या, म्हणजे न दाबलेल्या फाइलीत करावे. गाण्यांसाठी वापरला जाणारा ‘एमपी३’ प्रकार टाळावा. कारण मानवी कानाला ज्याची उणीव जाणवणार नाही असा नादाचा भाग तो गाळून टाकतो, आणि संगणकाला नेमका तोच हवा असू शकतो. टेपरेकॉर्डरवर खरखर कमी करणारी योजना असल्यास ती बंद ठेवावी. आवाज इतका मोठा नसावा की लहरींची टोके कापली जातील, आणि इतका लहानही नसावा की त्या खरखरीत बुडून जातील.

त्याहूनही आधी करावयाची गोष्ट म्हणजे कॅसेटच्या पाठीवरील प्लॅस्टिकची चिमुकली कळी मोडलेली आहे की नाही ते पाहणे. ती मोडलेली असली म्हणजे चुकून दुसरे काही मुद्रित होऊन मूळ मजकूर पुसला जाण्याची भीती राहत नाही. टेपरेकॉर्डरचे वाचनमुख शुद्ध अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने पुसून घ्यावे. जुन्या टेपरेकॉर्डरमधील रबरी पट्टे कालांतराने सैल वा चिकट होतात. तसे असल्यास ते आधी बदलून घ्यावेत, अन्यथा फीतच आत गुंडाळली जाईल. जपून ठेवलेल्या कॅसेटीवर प्रयोग करण्यापूर्वी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून यंत्राची परीक्षा घ्यावी, हे सांगणे न लगे.

चुकीचा शोध

प्रत उतरवताना चूक होते, ही गोष्ट आपल्या पूर्वजांस उत्तम ठाऊक होती. ज्ञानेश्वरीच्या प्रती एकामागून एक होत गेल्या आणि पाठभेद शिरत गेले, म्हणून शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, एकनाथमहाराजांनी निरनिराळ्या प्रती पडताळून ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली. संगणकाच्या कॅसेटीतही चुकीचा शोध घेण्याची योजना मुळातच केलेली असते.

स्पेक्ट्रम मजकूर फितीवर लिहिताना सर्व बाइट एका ठराविक रीतीने एकमेकांत मिळवतो आणि आलेले उत्तर शेवटी एक बाइट म्हणून लिहितो. वाण्याच्या वहीतील पानाच्या तळाशी बेरीज असावी, तसे हे आहे. वाचताना पुन्हा तीच बेरीज केली जाते; जुळली नाही तर पडद्यावर ‘टेप लोडिंग एरर’ असा निरोप झळकतो. पाच मिनिटे वाट पाहून तो निरोप वाचणाऱ्या मुलांचे चेहरे कसे होत असतील, याची कल्पनाच केलेली बरी. मात्र या बेरजेतून चूक कोठे झाली ते कळत नाही. झाली एवढेच कळते.

बीबीसी मायक्रोची रीत अधिक सावध होती. तो मजकुराचे २५६ बाइटांचे तुकडे पाडी, प्रत्येकास क्रमांक देई आणि प्रत्येकाची स्वतंत्र पडताळणी करी. त्यामुळे सातवा तुकडा बिघडला, तर फीत थोडी मागे घेऊन तेवढाच पुन्हा वाचता येई. याचा लाभ आजही होतो. एकाच मजकुराच्या दोन कॅसेटी असतील आणि दोन्ही जागोजागी खराब असतील, तरी एकीतून चांगले तुकडे आणि दुसरीतून उरलेले तुकडे घेऊन पूर्ण मजकूर उभा करता येतो. नाथांनी प्रती पडताळल्या त्याच मार्गाने जाण्यासारखे हे आहे. म्हणून खराब झालेली दुसरी कॅसेट फेकून देऊ नये.

तबकड्या आणि तारा

ज्यांच्याकडे थोडे अधिक द्रव्य होते, त्यांनी व शाळांनी फ्लॉपी तबकड्या वापरल्या. बीबीसी मायक्रोची सव्वापाच इंची तबकडी एका बाजूवर ८० वर्तुळे असल्यास २०० किलोबाइट मजकूर धारण करी. आज बाजारात मिळणारे, संगणकाला तारेने जोडावयाचे फ्लॉपी-यंत्र येथे कामाला येत नाही. ते साडेतीन इंची तबकड्यांसाठी असते आणि नंतरच्या काळातील संगणकांची लेखनरीतच तेवढी जाणते.

यावर दोन उपाय आहेत. जुना संगणक चालू स्थितीत असेल तर पहिला उपाय सोपा. बीबीसी मायक्रोच्या पाठीमागे एक गोल, पाच छिद्रांची खाच असते. तिच्यातून योग्य तार काढून आधुनिक संगणकास जोडली की दोन यंत्रे एकमेकांशी बोलू लागतात. सेकंदास ९६०० बिट या गतीने सुमारे ९६० बाइट जातात. म्हणजे पूर्ण भरलेली २०० किलोबाइटची तबकडी, मध्ये खंड न पडल्यास, साडेतीन मिनिटांच्या आसपास पलीकडे पोचते. तारेवरील बोलण्यातही गैरसमज होऊ नये म्हणून संभाषणाचे नियम ठरलेले आहेत. वॉर्ड क्रिस्टेन्सन या अमेरिकन गृहस्थांनी १९७७ साली रचलेल्या ‘एक्समोडेम’ या पद्धतीत मजकूर १२८ बाइटांच्या पुड्यांतून जातो. प्रत्येक पुडी पोचल्यावर पलीकडचे यंत्र “मिळाली” असे कळवते, आणि बेरीज न जुळल्यास तीच पुडी पुन्हा मागवते. पोचपावतीची ही पद्धत आपल्या टपाल खात्यास परिचितच आहे.

दुसरा उपाय जुना संगणक बंद पडलेल्यांसाठी आहे. जुन्या सव्वापाच इंची फ्लॉपी-यंत्रास ‘ग्रीसवीझल’ यासारखा एक लहानसा मंडल-फलक जोडता येतो. तबकडीवर कोणती फाइल आहे याची तो विचारपूस करीत नाही. तबकडी फिरत असता चुंबकत्वाची दिशा किती किती काळाने पालटते, एवढेच तो अचूक टिपतो. या टिपणातून अंक काढण्याचे काम नंतर सावकाश, हवे तितक्या वेळा करता येते. जीर्ण तबकडीस हे विशेष उपकारक आहे. कारण ती कदाचित एकदाच नीट फिरेल.

तबकडीचे रक्षण करण्याची रीत मात्र कॅसेटीच्या उलट आहे. सव्वापाच इंची तबकडीच्या कडेला एक चौकोनी खाच असते. ती उघडी असली तर तबकडीवर लिहिता येते. कागदी पट्टी चिकटवून झाकली तर लिहिता येत नाही. म्हणून वाचण्यापूर्वी ती खाच झाकावी. कोकणपट्टी, मुंबई, गोवा, केरळ, बंगाल अशा दमट प्रदेशांत तबकडीवर बुरशी चढलेली आढळते. खिडकीतून दिसणाऱ्या काळ्या पृष्ठभागावर पांढुरके ठिपके दिसले, तर ती तशीच यंत्रात घालू नये. तबकडीही ओरखडेल आणि यंत्राचे वाचनमुखही घाण होईल. अशी तबकडी जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी.

जुन्या यंत्राविषयीही एक इशारा द्यावयास हवा. वर्षानुवर्षे बंद असलेला संगणक उत्साहाच्या भरात एकदम विजेला जोडू नये. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठा-पेटीतील एका प्रकारच्या संधारित्राच्या वेष्टनास कालांतराने तडे जातात, ओलावा आत शिरतो आणि वीज मिळताच तो उग्र दर्पाचा धूर सोडून फुटतो. हा भाग कुशल तंत्रज्ञाकडून आधी बदलून घ्यावा. वीजपुरवठा-पेटी मुलांनी उघडू नये. वीज बंद केल्यावरही तिच्यात धोकादायक दाब काही काळ राहतो.

अंकांतून अर्थ

अंक हाती आले म्हणजे काम संपले, असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः येथूनच खरी कसोटी लागते. जागा वाचवण्यासाठी हे संगणक बेसिक भाषेतील प्रत्येक आज्ञा अक्षरशः न लिहिता एकाच अंकाने लिहीत. ‘प्रिंट’ ही एकच आज्ञा घ्या: स्पेक्ट्रममध्ये तिचा अंक २४५, बीबीसी मायक्रोमध्ये २४१. ब्रिटिश पौंडाच्या चिन्हाचा या दोन्ही यंत्रांतील अंक ९६. आधुनिक संगणक त्याच अंकाचा अर्थ एक तिरपा टिंबवजा फटकारा असा लावतो. कोणाच्या हिशेबातील पौंड असे फटकारे होऊन बसले, तर दोष फितीचा नव्हे. भाषा बदलली आहे.

यावर उपाय म्हणजे ‘इम्युलेटर’. बहुरूपी जसा वेश, वाणी आणि चाल यांसह दुसऱ्याचे सोंग वठवतो, तसा हा प्रोग्राम आधुनिक संगणकात जुन्या संगणकाचे सोंग वठवतो. स्पेक्ट्रमसाठी ‘फ्यूज’, बीबीसी मायक्रोसाठी ‘बीबेम’ हे त्यांपैकी परिचित होत. उतरवलेली फाइल त्यांच्या स्वाधीन केली की चाळीस वर्षांपूर्वीचा पडदा डोळ्यांपुढे उभा राहतो. पण एवढ्यावर न थांबता साध्या मजकुराचीही एक प्रत काढून ठेवावी. बीबीसी मायक्रोवर ‘स्पूल’ ही आज्ञा देऊन मग प्रोग्रामची यादी मागवली की तिच्यातील सर्व आज्ञा साध्या अक्षरांत फाइलीत उतरतात. ती फाइल कोणत्याही संगणकावर वाचता येते व कागदावर छापता येते.

मराठी वाचकांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. स्पेक्ट्रमवर देवनागरी नव्हती. परंतु वापरणाऱ्याला स्वतःची २१ चिन्हे आखण्याची मुभा होती. प्रत्येक चिन्ह आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत बसे. एखाद्या हौशी मुलाने वहीच्या चौकोनांवर ‘अ’, ‘क’, ‘म’ आखून ती पडद्यावर उमटवली असतील, तर त्याचे ते श्रम अवघ्या १६८ बाइटांत सामावलेले असणार. ही चिन्हे बहुधा मूळ प्रोग्रामपासून वेगळी साठवलेली असत. प्रोग्राम उतरवला आणि चिन्हांचा तो लहानसा तुकडा निरर्थक म्हणून सोडून दिला, तर पडद्यावर मराठी अक्षरांच्या जागी रोमन अक्षरे दिसतील. म्हणून कॅसेट अखेरपर्यंत उतरवावी. रिकाम्या वाटणाऱ्या भागापुढेही ऐकत राहावे आणि दुसरी बाजूही तपासावी.

हीच अडचण नंतरच्या काळातील मराठी लेखनासही आहे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही मानक संकेतप्रणाली १९९१ मध्ये ठरली आणि पुढे युनिकोड रूढ झाले. तरीही मधल्या काळात पुष्कळ मराठी मजकूर निरनिराळ्या टंकांच्या खाजगी संकेतांत टंकित झाला. तो टंक नसलेल्या यंत्रावर असा मजकूर म्हणजे रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. तो कचरा नव्हे. कोणता टंक वापरला होता हे ठाऊक असेल, तर त्याचे रूपांतर बहुतेक वेळा करता येते. ते ठाऊक असणारी व्यक्ती घरात आहे तोवर तिला विचारून ठेवावे, हे बरे.

नव्याकडून जुन्याकडे

हा मार्ग दुहेरी आहे. आधुनिक संगणकात जपलेली फाइल पुन्हा नादात रूपांतरित करून जुन्या स्पेक्ट्रमच्या ‘इअर’ नावाच्या खाचेत सोडली, की तो तिला कॅसेटच समजतो. पडद्याच्या कडेला निळे-पिवळे पट्टे धावू लागतात आणि प्रोग्राम जागा होतो. केवळ हौस म्हणून हे करावे असे नव्हे. उतरवलेली प्रत खरी आहे याचा याहून पक्का पुरावा दुसरा नाही: जुन्या यंत्राने ती आपली म्हणून स्वीकारली, म्हणजे ती शुद्ध आहे.

बाजारात विकत घेतलेल्या खेळांच्या प्रती काढताना मात्र त्यांच्या हक्काचा विचार ठेवावा. आपण स्वतः लिहिलेले ते आपले. दुसऱ्याचे ते दुसऱ्याचे, मग ते कितीही जुने असो.

घरातील कार्य

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा संगणकावरील खेळ १९८९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. जॉर्डन मेकनर यांनी तो ‘अ‍ॅपल टू’ या घरगुती संगणकावर लिहिला होता. त्याचा मूळ मजकूर हरवला असे त्यांनी धरून चालले होते. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरातील कपाटात जुन्या फ्लॉपींचा एक खोका सापडला. जाणकारांच्या साहाय्याने तो मजकूर उतरवण्यात आला आणि सर्वांना पाहावयास खुला करण्यात आला. दोन दशकांहून अधिक काळ तो टिकला, कारण कोणीतरी तो खोका टाकून दिला नाही. आणि तो उपयोगी पडला, कारण लिहिणारा ते काय आहे हे ओळखण्यास हजर होता.

या दोन्ही गोष्टी आपल्या घरी असू शकतात. माळा साफ करताना कॅसेटींचा ढीग निघाला, तर तो भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी प्रत्येक कॅसेटीवरील चिठ्ठी वाचावी. चिठ्ठी नसलेली थोडी वाजवून पाहावी. गाण्याऐवजी शिट्टी आणि किरकिर ऐकू आली, तर ती बाजूला ठेवावी. मग ज्यांनी ती भरली त्या काकांना, मावशीला, आईला वा वडिलांना जवळ बसवून विचारावे: हे कोणत्या संगणकावर केले? साधारण कोणत्या वर्षी? यात काय होते? उत्तरे एका वहीत लिहून कॅसेटीवर क्रमांक घालावेत. तार जोडण्यापेक्षा हे काम आधी करावे. कारण टेपरेकॉर्डर शोधून मिळेल, पण ही उत्तरे दुसरीकडे कोठेही मिळणार नाहीत.

मजकूर उतरल्यावर तीन गोष्टी एकत्र ठेवाव्यात: मूळ नादाचे ध्वनिमुद्रण, त्यातून काढलेली फाइल आणि साध्या अक्षरांतील प्रत. तिन्हींच्या प्रती निदान दोन निरनिराळ्या घरी असाव्यात. धाकट्या मुलीच्या सासरी, थोरल्याच्या बिऱ्हाडी, जेथे सोय असेल तेथे. आजची स्मृतिपट्टीही अमर नाही; दर चार-पाच वर्षांनी ती उघडून पाहावी आणि नव्या साधनावर उतरवून घ्यावी. पोथीची प्रत जीर्ण होण्याआधी दुसरी करावयाची, हा आपल्याकडचा जुना रिवाजच आहे. आणि जो महत्त्वाचा मजकूर थोडक्यात मावतो, तो कागदावर छापून ठेवण्यास संकोच करू नये.

हे काम रविवारच्या दोन-तीन दुपारींत होण्यासारखे आहे. वडिलांनी जुन्या आज्ञा आठवाव्यात, मुलांनी नवा संगणक चालवावा आणि दोघांनी मिळून ती किरकिर ऐकावी. दहा वर्षांची असताना आईने लिहिलेला पाढ्यांचा प्रोग्राम तिच्या दहा वर्षांच्या मुलाला बारा साती किती म्हणून विचारू लागला, तर उत्तर चुकवू नये, एवढी दक्षता मात्र त्या मुलाने घ्यावी.